एक बाटली, एक दिवस, डबा

घड्याळजी सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा, तर पहिल्या भेटीत त्याच्या बायकोने त्याला आधी दारातच अडवलं, मग कोपरापर्यंत साबणाने धुतलं, मग पुन्हा धुतलं, मग त्याची हत्यारांची पेटी स्पिरिटच्या बोळ्याने अशी घासली की पेटीवर रंगवलेलं दुकानाचं नाव कायमचं पुसलं गेलं, आणि एवढं सगळं उरकल्यावर विचारलं, "आपण कोण?" बायकोचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, मी फक्त हात धुवायला सांगितले होते. आता एखाद्याला साबण नुसता बघूनच अंघोळ झाल्यासारखं वाटत असेल, तर त्याला मी काय करणार?

एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत आहे की त्याला भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला बोलावलं होतं. इस्पितळाच्या तळघरात जंतू तपासायची प्रयोगशाळा होती, आणि तिथलं घड्याळ रोज थोडं थोडं पुढे पळत होतं. घड्याळजीने ते उतरवलं, कानाला लावलं, पाठ उघडली, डोळ्याला भिंग लावलं, एकेका चाकाची विचारपूस केली आणि पुन्हा भिंतीवर टांगलं.

"घड्याळ ठणठणीत आहे," तो म्हणाला. "रोज कोणीतरी स्टुलावर चढून काटा पुढे ढकलतंय. स्टुलावर चपलेचे ठसे आहेत. तुमच्या."

"मग?" ती म्हणाली. "जंतू वाढायला अख्खी रात्र घेतात. माणसाने नुसतं बघत बसायचं का?"

"काटा ढकलला की जंतूंना कळतं?"

असला प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर नसलं की ती हल्ला करायची. तिने त्याच्या डोळ्यावरचं भिंग काढून घेतलं, त्यावरून कापसाची काडी फिरवली, ती काडी जेलीच्या प्लेटवर ओढली आणि प्लेट उबेच्या कपाटात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी दुकानात निरोप गेला: तुमचं पीक तयार आहे, बघून जा. तो गेला. त्याच्या एवढ्याशा भिंगातून एक गाव वसलं होतं. पांढरे ठिपके, पिवळे ठिपके, कडेला बुरशीचं लुसलुशीत कुरण. दुसरा कोणी शरमेने अर्धा झाला असता. हा बराच वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "पिवळे सुबक आहेत. यांचं पुढे काय करता?"

"वाफेत उकडून मारतो."

"मग वाढवले कशाला?"

वर्षाच्या आत त्यांचं लग्न झालं. ज्या माणसाने आपला गलिच्छपणा भिंगातून बघून त्यातही सुबक काय ते शोधलं, त्याच्यासारखा नवरा पुन्हा मिळायचा नाही, एवढा हिशेब तिनं चटकन केला. चटकन हाच तिचा स्वभाव. तळघरात तिला तोंडावर 'मॅडम' आणि पाठीमागे 'भिंगरी' म्हणत, आणि तिला दोन्ही ठाऊक होतं.

आता जंतू वाढवणं हा खरं तर कोंबडीचा धंदा. ऊब द्यायची आणि बसून राहायचं. नेमकं बसणंच भिंगरीला जमत नव्हतं. दूध तापायला ठेवलं की ती त्याच्यावर डोळे वटारून उभी राहायची, जणू दूध भिऊन लवकर वर येईल. बसची वाट बघायची नाही म्हणून ती पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायची, तिथून त्याच्या पुढच्या, आणि बस दोन थांब्यांच्या बरोबर मधे तिला ओलांडून निघून जायची. मग घामाघूम होऊन घरी यायची आणि म्हणायची, "बसवाल्यांना काही ताळतंत्र राहिलेलं नाही." उबेचं कपाट तर ती दिवसातून इतक्या वेळा उघडायची की आतले जंतू गारठून मरतील अशी तिच्या मदतनीस डॉक्टरीणबाईंना काळजी वाटायची. या बाई चाळिशीच्या, शांत, एकेक शब्द तोलून बोलणाऱ्या. भिंगरीने त्यांचं नाव 'गोगलगाय' ठेवलं होतं आणि तेही त्यांना ठाऊक होतं. एकंदरीत त्या तळघरात जंतूंची सोडून सगळ्यांची टोपणनावं उघड होती.

जंतूंची नावं शोधून काढणं हेच तर तिथलं काम. आणि त्यात भिंगरीचा हात धरणारं कोणी नव्हतं. वरच्या मजल्यावरून एखादा नवखा डॉक्टर फोन करायचा, "मॅडम, आडनाव सांगा फक्त, तेवढ्यावर औषध सुरू करतो." ती कडाडायची, "आडनावावर कधी कोणाला पकडलंय का? त्या आडनावाचा एक गुंड असतो आणि दहा साधे भाडेकरू. औषध नावाला लागू पडतं, आडनावाला नाही."

तिचं आवडतं घराणं म्हणजे द्राक्षाच्या घडासारखे दिसणारे गोल जंतू. या घराण्यातला सोनेरी रंगाचा थोरला म्हणजे पक्का गुंड. रक्तात शिरला की जिथे बसेल तिथे पू करतो. बाकीची भावंडं आपल्या सगळ्यांच्या कातडीवर बिनभाड्याने, गुण्यागोविंदाने राहतात. भिंगातून बघाल तर सगळे एका साच्यातले. थोरल्याला ओळखायची जुनी युक्ती अशी: नळीत रक्तातलं पिवळं पाणी घ्यायचं, त्यात जंतू सोडायचा. पाण्याची जेली झाली तर थोरला, नाही झाली तर कातडीवरचा कोणीतरी.

गंमत अशी, की रुग्णाचं रक्त काढताना सुई कातडीतूनच जाते. हात नीट पुसला नसेल तर कातडीवरचा भाडेकरू सुईबरोबर बाटलीत येऊन बसतो. मागे एकदा असाच एक भाडेकरू प्रयोगशाळेने इमानेइतबारे वर कळवला. वरच्यांनी त्याच्यावर जबर औषध सोडलं. ज्या बाईला ते दिलं तिला मुळात काही झालंच नव्हतं. तिचं मूत्रपिंड मात्र कायमचं अधू झालं. भिंगरी त्या बाईला भेटायला गेली होती. परत आल्यावर तिने एक कायदा केला, आणि तळघरात तो पाढ्यासारखा पाठ झाला: एक बाटली, एक दिवस, डबा. म्हणजे रक्ताच्या दोन बाटल्यांपैकी एकीतच घडवाला जंतू आला आणि त्याने जेली केली नाही, तर तो कातडीवरचा. वर कळवायचं 'दुर्लक्ष करावं', आणि एका दिवसाची प्लेट टाकायच्या डब्यात. कायदा चांगला होता. कितीतरी मूत्रपिंडं त्याने वाचवली. त्यातला 'एक दिवस' तेवढा औषधासाठी नव्हता, तो भिंगरीच्या स्वभावासाठी होता. दुसऱ्या दिवसापर्यंत प्लेट ठेवून घेणं तिच्या जिवावर यायचं.

घड्याळजीचा धंदा बसून करायचा, आणि तो चार माणसांचं बसणं एकटा बसायचा. त्यातून एकदा मांडीच्या वरच्या अंगाला, नेमकं बसायच्या जागी, गळू झालं. शहाणा माणूस बायकोला सांगतो. पण याची बायको भिंगरी. सांगितलं असतं तर तिने ते गळू प्लेटवर वाढवून आल्यागेल्याला दाखवलं असतं. म्हणून त्याने दुकानाचं दार लोटलं, डोळ्याला भिंग लावलं, समोर आरसा धरला, आणि घड्याळातली केसाएवढी कमान ज्या चिमट्याने उचलायची त्याच चिमट्याने ते गळू फोडलं. काम इतकं सफाईदार झालं की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. चिमटा त्याने पुसला. शर्टाला.

महिन्याभराने त्याला संध्याकाळचा ताप यायला लागला. जेवण जाईना. जिना चढताना मधे थांबून तो कठड्याचं लाकूड निरखायचा, म्हणजे दम लागलाय हे कळू नये. आणि एका संध्याकाळी त्याच्या हातून एक चाक निसटून जमिनीवर पडलं. आयुष्यात पहिल्यांदा. ते शोधायला तो वाकला नाही, तसाच बसून राहिला. त्याची धाकटी बहीण तेव्हा दुकानात आली होती. तिनेच त्याला रिक्षात घातलं.

लहानपणापासून त्याच्या हृदयाची एक झडप जराशी गळत होती. हृदयवाल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून कपाळाला आठी घातली, रक्ताच्या दोन बाटल्या तळघरात पाठवल्या आणि अंदाजाने औषध सुरू केलं. अंदाज असा: झडपेवर जंतू बसले असतील तर हा माणूस वाचवायला आपल्याकडे फार दिवस नाहीत. जंतू नसतील तर साधा ताप आहे. तळघर सांगेल.

"मॅडम, या बाटल्यांना तुम्ही हात लावायचा नाही," गोगलगाय म्हणाल्या.

"का?"

"तुम्ही त्या हलवाल."

भिंगरी दिवसभर दोन्ही हात पाठीमागे बांधून येरझाऱ्या घालत होती. बाटल्यांच्या यंत्रात दिवा लागला, एकच; म्हणजे एकाच बाटलीत काहीतरी वाढलं होतं. काचपट्टीवर जांभळे द्राक्षांचे घड दिसले. प्लेटवर दुसऱ्या सकाळी बारीक पांढरे ठिपके आले. नळीतल्या पिवळ्या पाण्याची जेली झाली नाही. गोगलगाय म्हणाल्या, "कातडीवरचा." तो शब्द ऐकून भिंगरीला जे वाटलं ते तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं: तिला हायसं वाटलं. प्लेट डब्यात गेली. 'दुर्लक्ष करावं' याच्याखाली तिने स्वतः सही केली. हात धरून कोणी करून घेतली नाही. वर डॉक्टरांनी औषध थांबवलं आणि म्हणाले, एक-दोन दिवस बघू, मग घरी.

पण भिंगरीचं मन काही बसेना. नुकतीच सुटका झालेल्या माणसासारखं तिने वागून पाहिलं. गाणं गुणगुणलं. ते मधेच थांबलं. घरी जाऊन तिने सगळी कपाटं आवरली आणि नंतर काहीच सापडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर वॉर्डात गेली तेव्हा नणंद भावाला सफरचंद कापून देत होती.

"वहिनी, जरा बसा ना. तुम्ही आलात की पंखा लावल्यासारखं होतं."

"बसते." ती उभीच राहिली. "अहो, कसं वाटतंय?"

"बरं आहे." घड्याळजीचा आवाज उशीतून आल्यासारखा येत होता. तो आपलं अंगठ्याशेजारचं बोट उजेडात धरून बघत होता. "अगं, हे बघ. नखाखाली काडी घुसलीय. तांबडी. पण कधी घुसली ते काही आठवत नाही."

"दादा, काडी घुसलेली कोणाला आठवते?" नणंद म्हणाली.

"मला," तो म्हणाला.

आणि हे खरं होतं. त्याच्या बोटांत आयुष्यभर घुसलेली प्रत्येक काडी, प्रत्येक तार, प्रत्येक काच त्याला कुठल्या घड्याळासकट आठवायची. तेच तर त्याचं भांडवल. भिंगरीने त्याचा हात ओढून घेतला. नखाखाली बारीक तांबडी रेघ होती. दुसऱ्या बोटाच्या नखाखाली आणखी एक. काडी कुठेच नव्हती. झडपेवरचे जंतू आपले कण रक्तातून दूर उडवतात, आणि ते कण जिथे अडकतात तिथे अशा रेघा उमटतात. हे तिने पुस्तकात वाचलं होतं, शेकडो वेळा शिकवलं होतं.

"वहिनी, काय झालं?" पण वहिनी जिन्यावर होत्या.

टाकलेल्या प्लेटांचा डबा खरं तर आदल्या संध्याकाळीच वाफेत जायचा. ते काम वाफेवाल्या मामांचं. मामा डब्याशेजारी बसून चहा पीत होते.

"मामा! कालचा डबा उकडलात?"

"कशाने उकडू? माझ्या तोंडच्या वाफेने?" मामा म्हणाले. "झाकणाचं रबर गेलंय. परवापासून बोंबलतोय. कोणी ऐकत असेल तर शपथ."

इस्पितळात एखादी गोष्ट बिघडली म्हणून कोणी मामांच्या गळ्यात पडल्याची ही बहुधा पहिलीच वेळ. मामांचा चहा सांडला. भिंगरीने दुहेरी हातमोजे चढवले आणि ती डब्यात जवळजवळ कमरेपर्यंत घुसली. गोगलगाय मागे उभ्या राहून एवढंच म्हणत होत्या, "मॅडम, मास्क. मॅडम, निदान मास्क."

प्लेट सापडली. भिंगरीने ती उजेडाकडे धरली आणि तशीच उभी राहिली.

आदल्या दिवशीचे ते बारीक पांढरे, गरीब बिचारे ठिपके आता तसे राहिले नव्हते. डब्यात पडल्यापडल्या त्यांना आणखी एक दिवस मिळाला होता. काही मोठे, काही छोटे; रंग पिवळसर झालेला; आणि रक्ताच्या लाल जेलीत प्रत्येकाभोवती एक फिकट कडं. कातडीवरचा साधा भाडेकरू असा वागत नाही. इतकी वर्षं हे रूप तिच्या प्रयोगशाळेत कोणी पाहिलंच नव्हतं, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत इथे प्लेट कधी टिकलीच नव्हती. तिच्या कायद्याने तिला जे दाखवलं नाही ते एका फाटक्या रबराने दाखवलं.

घराण्यात एक चुलतभाऊ आहे. तो जेली करत नाही म्हणून त्याला सगळे कातडीवरचा समजतात, पण रक्तात शिरला की थोरल्यासारखा वागतो. त्याचं लांबलचक नाव 'लुग्डुनेन्सिस'. मामांनी ते ऐकून त्याचं लगेच 'लुगडं' केलं, आणि त्या दिवसापासून तळघरात तेच चाललं. तो आहे का, हे बघायला एक कागदाची चकती असते. तिच्यावर जंतू चोळून वर एक थेंब टाकायचा. चकती काही मिनिटांत गुलाबी झाली. पण चकती आणखी एका भावासाठीही गुलाबी होते. भिंगरी चकती हातात घेऊनच वर धावली.

हृदयवाले डॉक्टर वयस्क आणि तिरकस होते. "म्हणजे काल तुम्ही म्हणालात दुर्लक्ष करा, आणि आज म्हणताय पळा."

"काल मी चुकले."

"हे लिहून द्याल?"

"भिंतीवर रंगवून देते. आधी औषध परत सुरू करा."

त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि औषध परत लिहिलं. घड्याळजीच्या छातीवर यंत्र फिरवलं तेव्हा झडपेवर काहीतरी चिकटलेलं हलताना दिसलं. ताजं रक्त तपासायला पाठवलं. आणि छाती उघडणारे सर्जन आले, त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"दोघांपैकी कोण? दुसरा भाऊ असेल तर तो औषधांना चिवट, पण सावकाश. जबर औषध देऊन झडप काही आठवडे थांबू शकते, कदाचित ऑपरेशन टळेलही. तुमचं ते लुगडं असेल तर ते साध्या जुन्या औषधाने मरतं, पण मरेपर्यंत झडप कुरतडून टाकतं. मग मी थांबणार नाही, लगेच कापीन. तापलेल्या माणसाचं हृदय उगाच कापायची माझी तयारी नाही. उद्या सकाळी मला नाव सांगा."

नाव सांगणारी नळी एकच. तिच्यात दोन खाऊ असतात, थोडी साखर आणि एक दुसरा पदार्थ. तो दुसरा पदार्थ लुगडंच खातं, आणि खाल्लं की नळी जांभळी होते. नाही खाल्लं तर नळी पिवळी राहते. नळी उबेत ठेवली, जोडीला ताडून बघायला नुसत्या साखरेची एक नळी. शेजारी औषधांच्या टिकल्या लावलेली एक प्लेट ठेवली. गोगलगाय कपाटाच्या दारापुढे खुर्ची टाकून बसल्या.

"मी काय चोर आहे?" भिंगरी म्हणाली.

"उघडलंत की ऊब जाते. उशीर तुम्हालाच होईल."

ती घरी गेली. तिथून परत आली. पुन्हा गेली. झोप लागली नाही आणि जागही नीट आली नाही. तिला वाटत होतं, आत्ता या क्षणी त्या झडपेचा एक बारीक तुकडा गेला असेल. आत्ता आणखी एक.

सकाळी गोगलगाईंनी कपाट उघडलं. नळी पिवळी होती.

फोन वाजला. सर्जनकडून. गोगलगाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला. "मॅडम, पिवळी. म्हणजे लुगडं नाही. कळवू?"

भिंगरी टिकल्यांची प्लेट बघत होती. जुन्या साध्या औषधाच्या टिकलीभोवती भलं मोठं स्वच्छ वर्तुळ होतं. एकही जंतू तिथे टिकला नव्हता. चिवट भाऊ असता तर टिकलीला चिकटून वाढला असता. एक साक्षीदार नाही म्हणत होता, दुसरा हो.

"थांबायला सांग," भिंगरी म्हणाली.

मामांच्या हातातला पत्र्याचा ट्रे खाली पडला. या तोंडातून हा शब्द तळघराने कधी ऐकला नव्हता.

"पण नियम सकाळीच बघायचा आहे."

"नियम कोणाचा?"

"तुमचाच," गोगलगाय म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणते. ही नळी आधी खोटं बोलते. जंतू पहिल्यांदा साखर खातो, तेव्हा आंबट होऊन नळी पिवळी पडते. गोड संपलं की मग जेवायला बसतो. हा अजून गोडावर आहे. दे, फोन मला दे." आणि फोनवर, दबलेल्या आवाजात, ती सर्जनना म्हणाली, "अजून नाव नाही. तयार राहा. कापू नका आणि जाऊही नका."

"किती वेळ?"

"मला माहीत नाही," भिंगरी म्हणाली, आणि हेही तिने आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला सांगितलं असावं.

मग ती बसली. त्याच स्टुलावर, भिंतीवरच्या घड्याळाखाली. तिचा पाय हलत होता, गुडघा हलत होता, स्टूल हलत होतं आणि तिच्यामुळे शेजारचं टेबलही हलत होतं. पण ती बसली होती. कपाटाकडे तिने पाठ केली होती. तळघराच्या उंच खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय दिसायचे, ते ती बघत होती. बूट, चपला, एक धावणारं पोर, एक काठी. काठीबरोबरच्या पायांना कुठलीही घाई नव्हती. तिला त्यांचा भयंकर राग आला. एकदा ती उठली, स्टुलावर चढली, हात काट्यापर्यंत नेला. काटा ढकलला की जंतूंना कळतं? ती परत बसली.

नणंद खाली आली. दारातच उभी राहून तिने वहिनीला स्टुलावर बसलेलं पाहिलं आणि तिला रडू फुटलं. "वहिनी, दादा गेला का?"

"अगं नाही! का?"

"तुम्ही बसलाय म्हणून विचारलं."

दुपार झाली, मामांचा डबा खाऊन झाला, तेव्हा गोगलगाईंनी कपाट उघडलं आणि नळी उजेडाकडे धरली. तळाशी जांभळट. त्या तशाच उभ्या राहिल्या, हातसुद्धा न हलवता. जांभळा वर चढला होता. पिवळा एक पातळ पापुद्रा होऊन वर उरला होता. शेजारची नुसत्या साखरेची नळी होती तशीच पिवळी.

"लुगडं," गोगलगाय म्हणाल्या. त्या दिवशी लोकांनी त्यांना पहिल्यांदा जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढताना पाहिलं. भिंगरी त्यांच्या मागे होती.

सर्जन म्हणाले ते खरं निघालं. झडपेला भोक पडलं होतं. आणखी आठवडाभर जबर औषधाच्या भरवशावर थांबले असते तर उघडायला काही उरलं नसतं. त्यांनी ती काढली आणि तिथे धातूची नवी झडप बसवली. जुनं साधं औषध कित्येक आठवडे चाललं आणि त्याने आपलं काम केलं. झडपेच्या तुकड्यातून, ताज्या रक्तातून, सगळीकडून तोच चुलतभाऊ उगवला. गळवाची आणि चिमट्याची गोष्ट घड्याळजीने तेव्हा कुठे सांगितली. भिंगरीने दुकानात जाऊन चिमटा आणला, उकळला आणि पुन्हा उकळला. मग फेकून दिला.

तळघरात आता नवा पाढा आहे: एक बाटली, दोन दिवस, मग डबा. तो पाठ करायला सगळ्यांना वेळ लागला. सगळ्यात जास्त भिंगरीला. पहिले काही महिने पहिला दिवस संपला की ती प्लेट हातात घ्यायची, डब्याकडे जायची, परत यायची. मामांनी वाफेच्या भांड्याचं नवं रबर बसवून घेतलं आणि जुनं एका खिळ्याला टांगून ठेवलं. "सरकारी पदक," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. भिंतीवरचं घड्याळ बरोबर चालतं.

घड्याळजी घरी आला, जेवायला लागला, जिना न थांबता चढायला लागला. हातून चाकं निसटेनाशी झाली. नव्या झडपेची टिकटिक खोलीतल्या माणसालाही ऐकू येते. पहिल्या रात्री भिंगरीने त्याच्या छातीला कान लावला आणि म्हणाली, "अहो, हे पुढे तर पळत नाही ना?" तो म्हणाला, "नाही. पण आता काटा ढकलू नकोस."

मग त्याने दुकान उघडलं. घड्याळ आजारी आहे की नाही ते तो आयुष्यभर कानाला लावून ठरवत आला होता. आता कानाला काहीही लावलं तरी त्याला आपलीच टिकटिक ऐकू यायची. काही दिवस त्याने प्रयत्न केला.

दुकान त्याच वर्षी विकलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.